‘जड उचलू नका’ म्हणजे बाळालाही नाही का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. पहिलं बाळंतपण, बाळ आता ११ आठवड्यांचं. शेवटच्या टप्प्यात दोन तासांहून जास्त जोर लावावा लागला, मग व्हॅक्यूम लावून बाळ बाहेर काढलं, टाके पडले. नवव्या आठवड्यात अंघोळ करताना योनीच्या तोंडाशी हाताला मऊ गोळा लागला. तपासणीत ‘मूत्राशय खाली उतरलंय, दुसरी ग्रेड’ असं सांगितलं आणि सल्ला तीन वाक्यांत आटोपला: जड उचलू नका, केगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम) करा, पुढे त्रास वाढला तर ऑपरेशन आहेच. आता तुम्ही विचारताय की हे आपोआप वर जाईल का, बाळाला उचलायचं की नाही, धावणं कायमचं संपलं का आणि दुसऱ्या मुलाचा विचार सोडून द्यावा का.

या चार प्रश्नांपेक्षा मला तुमची शेवटची ओळ जास्त महत्त्वाची वाटली. ‘दिवसातून पाच-सहा वेळा आरसा घेऊन बघते.’ तिच्याकडे शेवटी येते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि वीसेक वर्षं बाळंतपणानंतरच्या अशाच तक्रारींवर काम करते आहे. तुमच्यासारखं वर्णन घेऊन येणाऱ्या बायकांची अडचण बहुतेक वेळा एकच असते. काय करू नये याची यादी त्यांना मिळालेली असते, पण पुढचं वर्षभर हे शरीर घेऊन वावरायचं कसं, हे कुणी सांगितलेलं नसतं. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. कुठे काय कशावर अवलंबून आहे ते सांगत जाते.

आधी झालंय काय ते बघू. ओटीपोटाच्या तळाला पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. तिच्यावर पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय आणि मागे गुदाशय असे अवयव विसावलेले असतात. शिवाय अस्थिबंध आणि पातळ पण चिवट पडदे त्यांना वरून आणि बाजूंनी धरून ठेवतात. फळीवर बरणी ठेवली आहे आणि वर तिला दोऱ्यांनीही बांधलंय, असं समजा. फळी भक्कम आहे तोवर दोऱ्यांवर ताण येत नाही. फळी कलली की बरणीचं वजन दोऱ्यांवर जातं आणि त्या हळूहळू लांबतात. दोऱ्यांना व्यायाम देता येत नाही, फळीला देता येतो. आपल्या उपचारांचा मोठा भाग एवढ्यावर उभा आहे.

बाळाचं डोकं बाहेर येताना या झोळीतला आतला भाग मूळ लांबीच्या तीनपटीहून जास्त ताणला जातो, असं संगणकावरच्या प्रारूपांत दिसलेलं आहे. बहुतेक जणींचा स्नायू त्यातून सावरतो. काही जणींमध्ये तो हाडापाशी एका किंवा दोन्ही बाजूंनी सुटतो. व्हॅक्यूमपेक्षा चिमटा लावलेल्या बाळंतपणात हे जास्त घडतं. सुटलेला स्नायू व्यायामाने परत हाडाला चिकटत नाही, उरलेला मात्र बळकट होतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण मनापासून व्यायाम करूनही ज्यांना कमी फरक पडतो त्यांना ‘तुम्ही नीट करत नसाल’ असं ऐकवलं जातं. नेहमी तसं नसतं.

आता ग्रेड. तुमची निम्मी भीती या एका शब्दाची आहे, असं मला वाटतं. सध्याची मोजायची पद्धत १९९६ मध्ये ठरली. तीत योनीच्या तोंडाशी असलेल्या योनिपटलाच्या कडेला शून्य धरतात आणि तपासताना जोर करायला सांगून, सगळ्यात खाली उतरणारा भाग त्या रेषेपासून किती वर किंवा खाली येतो ते मोजतात. तो रेषेच्या वर एक सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतरावर थांबला तर पहिली पायरी. एक सेंटिमीटर वर ते एक सेंटिमीटर खाली या पट्ट्यात असला तर दुसरी. त्याहून खाली तिसरी, आणि जवळपास सगळं उलटून बाहेर आलं तर चौथी. म्हणजे तुमची ‘दुसरी’ हा दोन सेंटिमीटरचा पट्टा आहे. नैसर्गिक बाळंतपण झालेल्या बायकांना सरसकट तपासलं तर पहिली किंवा दुसरी पायरी भरपूर जणींमध्ये सापडते आणि त्यातल्या बऱ्याच जणींना त्याचा पत्ताही नसतो. साधारणपणे भाग त्या शून्य रेषेपर्यंत किंवा तिच्या खाली आला की काहीतरी लागतंय, खुपतंय, ओढ बसतेय असं जाणवू लागतं.

त्यातही एक घोळ आहे. काही डॉक्टर जुन्या पद्धतीची ग्रेड सांगतात, काही नव्या पद्धतीची, आणि दोन्हींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी ग्रेड न विचारता ‘रेषेच्या किती सेंटिमीटर वर किंवा खाली?’ असं विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. सकाळी आडवं झोपवून केलेली तपासणी आणि दिवसभर बाळाला घेऊन वावरल्यावर संध्याकाळी उभं राहून केलेली तपासणी यांत एकाच बाईचे आकडे वेगळे येऊ शकतात. तुम्हाला संध्याकाळी ‘सगळं खाली आलंय’ असं वाटतं आणि सकाळी बरं असतं, याचा अर्थ दर संध्याकाळी नवीन इजा होतेय असा नाही. दमलेला स्नायू आणि दिवसभरचं गुरुत्वाकर्षण, इतकंच.

वर जाईल का? ११ आठवडे म्हणजे निकाल सांगायला फार लवकर. स्नायू आणि त्यांच्यामधली ताणून रुंदावलेली फट यांत सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त दिसते आणि पुढे वर्षभर थोडी थोडी चालू राहू शकते. शिवाय तुम्ही अंगावर पाजताय. या काळात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं राहतं आणि तो भाग जास्त हुळहुळा होतो. पाळी परत सुरू झाल्यावर किंवा पाजणं कमी झाल्यावर काही उपचार न बदलता जडपणा उतरलेला मी कित्येकदा पाहिला आहे. म्हणून पाजणं सोडू नका, त्याची काही गरज नाही. कोरडेपणा फारच असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. माझ्या अनुभवात तीन तऱ्हा दिसतात. काही जणींचं खरोखर वर सरकतं. बऱ्याच जणींचं मोजायला गेलं तर जवळपास तिथेच असतं, पण जाणवणं थांबतं आणि त्या ते विसरून जातात. थोड्या जणींना मात्र त्रास राहतो आणि त्यांना आधाराची किंवा पुढे शस्त्रक्रियेची गरज पडते. तुम्ही कोणत्या गटात आहात हे आज कुणीही सांगू शकणार नाही.

आता बाळाला उचलण्याचं. ‘जड उचलू नका’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. पाच-सहा किलोचं बाळ हातात असलेल्या बाईला ते सांगणं थोडं क्रूरही आहे. खाली जाणारा दाब नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन किती उंचीवरून, अंगापासून किती दूर धरून आणि श्वास कसा ठेवून उचललं, यावर तो ठरतो. जोरदार खोकल्यात किंवा शौचाला कुंथताना पोटातला दाब बाळाला नीट उचलण्यापेक्षा कितीतरी जास्त वाढतो. साधं खुर्चीतून उठतानाही तो चांगलाच वाढतो आणि खुर्चीतून उठू नका असं आपण कुणाला सांगत नाही.

म्हणून बाळाला उचला. पद्धत मात्र बदला. आधी बाळाच्या अगदी जवळ जा, गुडघ्यात वाका, बाळाला छातीशी घ्या आणि मग उठा. उठायला सुरुवात करण्याच्या क्षणभर आधी तळाचे स्नायू वर ओढा आणि उठताना तोंडाने श्वास सोडत राहा. श्वास कोंडून ‘हुप्प’ करून उठलात की सगळा दाब खाली जातो. शक्य तिथे बाळाची जागा कमरेच्या उंचीवर आणा. कपडे बदलणं, पुसणं, झोपवणं असं जे जे जमिनीवर वाकून करताय ते पलंगावर किंवा टेबलावर न्या. दिवसातून वीस वेळा जमिनीवरून उचलणं आणि वीस वेळा कमरेच्या उंचीवरून उचलणं यांत फार फरक पडतो. पाण्याने भरलेला टब, बाळासकट कार सीट, ओल्या कपड्यांची बादली ही कामं सध्या घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. बाळाला उचलून जेवढं मिळतं तेवढं बादली उचलून काही मिळत नाही.

किती चालेल हे कसं ठरवायचं? मी सगळ्यांना ‘दुसऱ्या सकाळचा हिशोब’ ठेवायला सांगते. संध्याकाळी जडपणा आला आणि रात्रीच्या झोपेनंतर, मग ती तुटकतुटक का असेना, सकाळी नाहीसा झाला तर कालचा दिवस तुमच्या शरीराला झेपला. सकाळी उठल्यावरही ओढ तशीच असेल तर आज एक पायरी खाली या. कमी वेळ उभं राहा, जिने कमी करा, एखादं पाजणं कुशीवर झोपून करा. दुपारी कमरेखाली उशी घेऊन १५ मिनिटं आडवं पडणं ही चैन नाही. तेवढ्या वेळात तो भाग वर सरकतो, सूज उतरते आणि संध्याकाळ सुसह्य होते.

केगलबद्दल मला जरा तक्रारच करायची आहे. आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा बाईला आकुंचनाचा जोर दाखवणारं उपकरणही त्याने सोबत वापरलं होतं. पुढे उपकरण गळून पडलं आणि ‘केगल करा’ एवढे दोन शब्द उरले. नुसतं तोंडी सांगितल्यावर बऱ्याच जणी नेमकं उलटं करतात. वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, नाहीतर पोट आणि मांड्या आवळतात. प्रोलॅप्स (म्हणजे तुमच्यासारखा अवयव खाली उतरणं) असलेल्या बाईने महिनाभर रोज खाली जोर देत राहणं म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात येईल.

बरोबर पद्धत अशी. कुशीवर किंवा पाठीवर पडा. वायू सरायला नको म्हणून जसं आवळतो तसं मागून सुरू करा, मग तीच हालचाल पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि आत, वरच्या दिशेने उचला. पार्श्वभाग आणि मांड्या सैल राहायला हव्यात, श्वास चालू राहायला हवा. तीन सेकंद धरा आणि पूर्ण सोडा. सोडायला धरण्याइतकाच, किंबहुना जास्तच वेळ द्या. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. जमायला लागलं की धरण्याचा वेळ हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. मग बसून, मग उभं राहून करा. त्यात काही झटपट आवळणं-सोडणंही घाला, कारण शिंक दहा सेकंदांची सूचना देऊन येत नाही. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, ही सवय तुम्हाला सगळ्यात लवकर उपयोगी पडेल. लघवी मध्येच थांबवून व्यायाम करायचा नाही, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आरसा एकदा या कामासाठी वापरा. आवळल्यावर योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत, वर जाताना दिसली तर तुम्ही बरोबर करताय. ती बाहेर फुगत असेल तर थांबा आणि या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. खरं तर एकदा दाखवाच. तुमच्यासारख्या पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या त्रासाला देखरेखीखाली किमान १६ आठवडे हा व्यायाम देऊन बघावा, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात आहे. मुदत १६ आठवड्यांची आहे, दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सोडायचं नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४७ स्त्रियांच्या एका मोठ्या चाचणीत, प्रत्येकीला समोर बसवून असा व्यायाम शिकवल्यावर वर्षभराने त्यांचा जाणवणारा त्रास कमी झाला होता. ‘जाणवणारा’ या शब्दाकडे लक्ष द्या. तुम्हाला जगायचंय ते त्याच्याशी.

उलट टोकाच्याही बायका असतात. भीतीने दिवसभर खालचा भाग आवळून, पोट आत ओढून चालणाऱ्या. सतत मूठ वळून ठेवली तर संध्याकाळी हातात ताकद उरेल का? असा स्नायू दुखतो, दमतो आणि खोकला येतो तेव्हा नेमका कामाला येत नाही. तुम्हाला आत दुखत असेल, टॅम्पॉन किंवा बोट आत जाताना आग होत असेल, लघवी सुरू व्हायला वेळ लागत असेल तर आधी सोडायला शिकावं लागेल. पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा आणि त्याबरोबर तळ खाली सैल होऊ द्यायचा. ताकद त्यानंतर.

शौचाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण उचलण्याइतकाच तो महत्त्वाचा आहे. सगळी काळजी घेऊन रोज सकाळी कुंथत बसलात तर केलेलं पाण्यात जातं. बद्धकोष्ठ असेल तर पाणी आणि चोथा वाढवा आणि मल मऊ करणारं औषध पाजताना चालेल का ते डॉक्टरांना विचारा. बरीचशी चालतात, उगाच सोसत बसू नका. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, पुढे झुका, तोंड उघडं ठेवून श्वास सोडा. मागची भिंतही सैल असेल तर शौच अडकल्यासारखं वाटतं. अशा वेळी योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेला हाताने आधार देणं किंवा स्वच्छ अंगठ्याने योनीच्या मागच्या भिंतीवर हलका दाब देणं यात लाजण्यासारखं काही नाही. हे मी पहिल्यांदा सांगते तेव्हा निम्म्या बायका म्हणतात, ‘मी हे करतेच, पण कुणाला सांगितलं नव्हतं.’ लघवीचंही तसंच. पूर्ण झाली नाही असं वाटलं तर उठून, कंबर थोडी हलवून परत बसा आणि पुन्हा प्रयत्न करा.

पेसरीचं, म्हणजे योनीत बसवायच्या आधाराच्या साधनाचं, नाव तुमच्यापाशी कुणी घेतलेलं दिसत नाही. खूप जणींना वाटतं की तो म्हाताऱ्या बायकांचा उपाय. उपाय जुना आहे हे मात्र खरं. प्राचीन ग्रीक वैद्यकात उतरलेलं अंग वर धरायला अर्धं डाळिंब वापरत आणि त्याच काळात बाईला शिडीला उलटं बांधून हलवण्याचाही उपचार होता. त्या मानाने आजची सिलिकॉनची रिंग म्हणजे फारच सभ्य वस्तू. ती आत बसून भिंतींना आधार देते. योग्य मापाची बसली की जाणवत नाही, खोकल्यावर निसटत नाही आणि लघवीला अडथळा करत नाही. पहिलंच माप बरोबर येईल असं नाही, दोन-तीन वेळा बदलावं लागतं. एकदाच बसली नाही म्हणून ‘मला पेसरी चालत नाही’ असं ठरवू नका. तरुण बायकांना मी स्वतः काढायला-घालायला शिकून घ्यायला सांगते. मग ती फक्त जास्त उभं राहायच्या दिवशी, प्रवासात किंवा व्यायामापुरती वापरता येते. स्वतःची पेसरी स्वतः सांभाळणाऱ्या बायकांचं जीवनमान दवाखान्यात जाऊन बदलून घेणाऱ्यांइतकंच राहतं आणि गुंतागुंत त्यांच्यात कमी होते, असं ब्रिटनमधल्या २०२३ च्या एका चाचणीतही दिसलं. पेसरीने दुखणं बरं होतं असं मी म्हणणार नाही. पण कलत्या फळीखाली टेकू लावला की फळी दुरुस्त करायला वेळ मिळतो.

इथेच धावण्याचा प्रश्न येतो. धावणं संपलेलं नाही, पण आज नाही. बाळंतपणानंतर कुणीही १२ आठवड्यांच्या आत धावायला लागू नये असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रोलॅप्स असेल तर मी कॅलेंडर बाजूला ठेवून शरीराला विचारते. अर्धा तास भरभर चालल्यावर जडपणा येत नाही ना? एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का? एका पायावर दहा वेळा थोडं वाकून उठता येतं का? जागच्या जागी मिनिटभर धावून आणि प्रत्येक पायावर दहा उड्या मारून ओढ, गळती किंवा दुखणं येत नाही ना? हे सगळं जमलं की एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं यापासून सुरुवात, दिवसाआड, आणि दुसऱ्या सकाळचा हिशोब. तोवर चालणं, पोहणं, पाय आणि पार्श्वभागाचे ताकदीचे व्यायाम चालू ठेवा. पोहायला रक्तस्राव पूर्ण थांबलेला आणि टाके भरलेले हवेत. प्रोलॅप्स आहे म्हणून पलंगावर पडून राहणाऱ्या बाईचे सगळेच स्नायू उतरतात आणि मग साधं बाळ उचलणंही जड पडतं. माझ्याकडे आलेल्या काही जणी पेसरी घालून परत धावायला लागल्या, काहींनी सायकल धरली आणि त्यावर खूष आहेत.

ऑपरेशन हा तुमचा आजचा प्रश्न नाही, म्हणून थोडक्यात. पहिल्या वर्षात, ऊती अजून भरून येत असताना आणि पुढे मूल हवं असताना सहसा ते करत नाहीत, कारण पुढच्या बाळंतपणात दुरुस्ती पुन्हा ताणली जाऊ शकते. शिवाय शस्त्रक्रियेनंतरही भाग परत उतरण्याची शक्यता उरतेच. कधी वेळ आलीच तर गर्भाशय काढणं हा एकच मार्ग नाही हे लक्षात ठेवा, ते जागेवर टांगून ठेवण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. योनीमार्गातून बसवायच्या जाळीबद्दल कुणी बोललं तर नीट चौकशी करा. प्रोलॅप्ससाठी अशा जाळ्या विकणं थांबवा, असा आदेश अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये कंपन्यांना दिला होता.

दुसरं मूल होऊ शकतं. प्रोलॅप्स असलेल्या अनेक जणींना होतं. पहिल्या तीन महिन्यांत जडपणा वाढतो, पण पुढे गर्भाशय मोठं होऊन ओटीपोटाच्या वर चढलं की मधले महिने बऱ्याचदा बरे जातात. सिझेरियन करावं का, याचं सरसकट उत्तर नाही. त्याने प्रोलॅप्सचा धोका कमी होतो, पण गरोदरपणाचा भार असतोच, आणि पहिल्या वेळी स्नायूला झालेली इजा दुसऱ्या सिझेरियनने भरून निघत नाही. आधीच्या बाळंतपणात नेमकं काय झालं, आता लघवी-शौचावर ताबा कसा आहे, आणखी किती मुलं हवीत, हे सगळं समोर ठेवून तो निर्णय डॉक्टरांसोबत घ्यायचा असतो. दोन मुलांमध्ये शरीराला सावरायला वेळ द्या, एवढं मी नक्की म्हणेन.

शरीरसंबंधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, बहुधा संकोचाने. त्याने प्रोलॅप्स वाढत नाही. आडवं झाल्यावर भाग आपोआप वर जातो. कोरडेपणासाठी वंगण वापरा, दुखत असेल तर थांबा आणि टाक्यांची जागा तपासून घ्या. तुमची तयारी नसेल तर नाही. त्याला वैद्यकीय कारणाची गरज नाही.

थांबून न राहता लगेच दाखवायला जावं अशी काही लक्षणं आहेत. लघवी अजिबात न होणं, ताप, दुर्गंधी येणारा स्राव, नवीन रक्तस्राव, बाहेर आलेल्या भागावर जखम, तो भाग आत न जाणं, शौचावर ताबा नसणं, किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर पडणं.

आणि आता आरसा. सतत बघत राहण्यामागचं कारण मला कळतं. आपल्या शरीराबद्दल कुणी काही नीट सांगितलं नाही की माणूस स्वतःच पहारा देतो. पण पाच-सहा वेळा बघून माहिती मिळत नाही. सकाळी, जेवणानंतर, शौचानंतर, संध्याकाळी दर वेळी ते वेगळं दिसणार, आणि दर वेळी छातीत धस्स होणार. एका बाईने मला फोनमधले चाळीस फोटो दाखवले होते, तारखांसकट. त्यातून आम्हाला दोघींनाही काही कळलं नाही. मी तिला फोटोंच्या जागी रोज रात्री तीन ओळी लिहायला सांगितल्या: आज त्याचा विचार न करता सलग किती वेळ गेला, कशामुळे जडपणा आला, सकाळपर्यंत तो गेला का. सहाव्या आठवड्यात ती म्हणाली की लिहायचं विसरतेय, आणि मला त्यातच प्रगती दिसली. तुम्हीही आरसा दोन आठवड्यांतून एकदा, सकाळी, ठरलेल्या एकाच वेळी, एवढ्यावर आणा. त्यासोबत सतत रडू येत असेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, आपण निकामी झालो असं वाटत असेल तर ते मोकळेपणाने डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर उपचार आहेत आणि प्रोलॅप्सच्या आधी तो करावा लागला तरी हरकत नाही.

पुढच्या तपासणीला शक्य असेल तर दुपारनंतरची वेळ घ्या आणि सांगा, ‘मला उभं राहून तपासा, तेव्हाच जाणवतं.’ सेंटिमीटर विचारा. स्नायू दोन्ही बाजूंनी हाडाला लागलेला आहे का ते विचारा. पेसरीचं माप घेता येईल का ते विचारा. बाळाला सोबत न्या आणि खोलीतून निघण्याआधी एकदा त्यांच्यासमोर उचलून दाखवा, म्हणजे श्वास कुठे कोंडतो ते त्यांना तिथेच सांगता येईल.